शेपटाचा हिशेब

डालबीला रस्ता संपता संपता
एक हिरवं फाटक लागतं, बिजागरीपाशी गंजलेलं.
आत ब्रीशी कॉर्लेट आणि तिची अकरा मांजरं.
मी बोटीवर तीस वर्षं तिकिटं फाडली.
निवृत्त झालो तेव्हा वाटलं, घरात कुणीतरी असावं.
बिनशेपटीचं हवं होतं.
मॅन बेटावर जन्मलेला माणूस
दुसरं काय मागणार?

"पैसे खिशात ठेव, गॉन," ती म्हणाली,
"आधी हात दे."

माझा अंगठा धरून तिनं
एका करड्या मांजरीच्या पाठीवरून खाली नेला,
मणक्यामागून मणका, जपमाळ ओढावी तसा,
आणि शेपूट जिथून निघायचं
तिथे नुसता खळगा.
दवाचा एक थेंब मावेल एवढा.

"ही रम्पी. खिडकीतली ती स्टम्पी,
तिला गाठ लागेल, कपाटाच्या मुठीएवढी."
मग म्हणाली, "आता ये पुढच्या रविवारी."

असे नऊ रविवार गेले.
कळलं, की हिचे मागचे पाय उंच,
धावते ती सशासारखी, टुणटुण.
डोकं वाटोळं, गाल वाटोळे, मागचा भाग तर
वाटी उपडी ठेवून आखलेला.
आणि घाबरली तरी
शेपूट घालायची सोयच नाही तिला,
म्हणून ती उभी राहते,
मेंढ्यांच्या कुत्र्यासमोरसुद्धा.

नोहाच्या तारवाचं दार लागलं
आणि शेपूट अडकून तुटलं, मी म्हटलं, आजोबा सांगायचे.
"दारात सापडलं असतं तर ओरडली असती,"
ब्रीशी म्हणाली. "हिच्या कुळात ओरडायची रीत नाही."

गोठ्यात गवताच्या भाऱ्यावर एक काळा बोका असायचा.
लांबलचक शेपूट, वर जरासं वाकडं.
त्याला प्रदर्शनाला कधी नेलं नाही,
भिंतीवरच्या फितींत त्याची एकही नाही.
"हा कशाला पोसलास?"
ती चहात चमचा फिरवत राहिली.
साखर ती घेत नाही.

"पहिली तीन वर्षं मी सुंदराला सुंदर जोडत गेले.
दोघांनाही शेपूट नाही, म्हणजे बक्षीस घरातच.
काही पिल्लं पोटातच विरून गेली,
मला कळलंही नाही, फक्त वीत लहान होत गेली.
काही जन्मली ती मागचे पाय ओढत.
मग हा आणला. पीलच्या धक्क्यावर मासे चोरायचा.
फिती आईला मिळतात, गॉन.
पिल्लं याच्यामुळे चालतात."

मार्चमध्ये रात्री फोन आला, ये.
कंदील नको, उजेड तिला सोसत नाही,
म्हणून आम्ही अंधारातच मोजली,
बोटांनी. चार.
चौथ्याचे मागचे पाय हलत नव्हते.
याच्यावरही काळा बोका पुरला नव्हता.
तिनं नवऱ्याची लोकरी टोपी आणली,
समुद्रावर घालायचा तो, आणि पिल्लू तीत ठेवलं.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.
उजाडताना तिनं टोपी उचलली,
आणि मला कळलं, वजनावरूनच.

उरली तीन. दोन वाटोळी, बिनचूक,
तिसरीला शेपूट, पुरं, काळं, वर जरासं वाकडं.
"निवड," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

आता आमच्याकडे उंदराच्या थोरल्या भावाचं
नाव तोंडानं घेत नाहीत, अपशकुन होतो.
त्याला लांबशेपट्या म्हणतात.
मी माझ्या मांजरीचं नाव तेच ठेवलं.
संध्याकाळी दारातून हाक मारतो, "लांबशेपट्या!"
तर समोरच्या किनव्हिगबाई
झाडू घेऊन बाहेर येतात,
मांजर बघतात, लाकडाला हात लावतात,
आणि तरीही आत जाऊन पीठ झाकतात.

ती मांडीवर येते, ओळख असल्यासारखी.
माझा अंगठा जुन्या सवयीनं
मणक्यामागून मणका खाली उतरतो,
खळग्यापाशी थांबायचं म्हणून हळू होतो,
आणि खळगा येत नाही.
अंगठा पुढेच जात राहतो.